गावच्या डेअरीची वही आणि पायथनमधून बांधलेली टेबलं

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या दूध डेअरीला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. पहिल्या दहा दिवसांचं बिल काढायची वेळ आली तेव्हा सेक्रेटरी अण्णांनी वहीतली बेरीज आणि कॉम्प्युटरवरची बेरीज शेजारी शेजारी ठेवली. कॉम्प्युटरचं दूध वहीपेक्षा अठरा लिटरनं कमी. एकही एन्ट्री गाळलेली नव्हती, स्क्रीनवर सगळ्या ओळी दिसत होत्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "दूध तर कॅनमधनं गेलंय की. तुझ्या मशिनीनं प्यालं काय?"

दोन तास डोकं खाजवल्यावर सापडलं. नाव मराठीत टाइप करून झाल्यावर अण्णांचा मराठी कीबोर्ड तसाच चालू राही आणि काही ओळींत लिटरचा आकडा ४.५ असा देवनागरीत पडे. बघणाऱ्याला तो आकडाच. डेटाबेसच्या लेखी मात्र तो 'निपाणी' किंवा 'कुंदा' यांच्यासारखाच एक शब्द. मी वापरलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसचं सम हे बेरजेचं फंक्शन आकड्यासारख्या न दिसणाऱ्या मजकुराला शून्य धरून पुढे जातं आणि तक्रार करत नाही. अठरा लिटर तिथे मुरले होते.

बेरजेचा कोड चोख होता. चूक होती ती टेबल बनवणाऱ्या पाच-सहा ओळींत, ज्या मी चहा येईपर्यंत लिहून टाकल्या होत्या. म्हणून हा लेख त्या ओळींबद्दल आहे: पायथनमधून एसक्यूलाइटची टेबलं अशी कशी बनवायची की चुकीची नोंद आत शिरायलाच नको.

आधी लिपीचं

या लेखात कोडसुद्धा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना आज्ञा, टेबल-कॉलमची नावं आणि कोडमधले आकडे इंग्रजी कीबोर्डनं टाइप करायचे. 'क्रिएट टेबल' दिसलं की ते दोन इंग्रजी शब्द. फक्त कोडच्या आत एकेरी अवतरणचिन्हांत जो मजकूर आहे, उदाहरणार्थ 'सकाळ', तो देवनागरीतच टाइप करायचा, कारण तो डेटा आहे.

टेबल-कॉलमची नावं खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. एसक्यूलाइटला चालतं, पायथनच्या व्हेरिएबललाही चालतं. तरी माझा सल्ला असा: शब्द मराठी ठेवा, अक्षरं रोमन. सभासद, संकलन, तारीख हे शब्द डेअरीतल्या माणसालाही कळतात, 'मेंबर मास्टर' कळत नाही. पण नावं देवनागरीत ठेवली की एखाद्या जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घुसतं आणि डोळ्यासमोर असलेलं टेबल 'नाही' म्हणून एरर येतो. तो एरर शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

काय काय लागेल

पायथन ३ बसवलेलं असलं की झालं. एसक्यूलाइटचं मॉड्यूल पायथनबरोबरच येतं, २००६ मधल्या २.५ आवृत्तीपासून. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. गावच्या डेअरीला, वाचनालयाला, शहापूर-वडगावातल्या एखाद्या साडीच्या कारखान्याच्या हिशेबाला एवढं पुरतं.

एक गोष्ट मात्र तपासा. पायथनमध्ये एसक्यूलाइट३.एसक्यूलाइट_व्हर्जन छापून बघा. आकडा ३.३७ किंवा त्यापुढचा हवा. २०२१ च्या शेवटी आलेल्या त्या आवृत्तीपासून 'स्ट्रिक्ट' (कॉलमचा प्रकार सक्तीनं पाळणारी) टेबलं मिळतात आणि या लेखाचा अर्धा भार त्या एका शब्दावर आहे. आवृत्ती जुनी असेल तर पायथन नवं टाका.

कीबोर्डच्या आधी वही

टेबलाचा आराखडा डोक्यातून काढू नका, वहीतून काढा. मी पहिल्यांदा डोक्यातून काढला आणि चार ठिकाणी आपटलो. दुसऱ्या खेपेला सकाळी साडेसहाला डेअरीत जाऊन खुर्ची टाकून बसलो.

वहीत एका ओळीला काय असतं? सभासदाचा कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर, रक्कम. पान म्हणजे एक तारीख आणि एक वेळ. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळ्या पानांवर. हे शेवटचं मला घरी बसून सुचलं नव्हतं. मी टेबलात अट घातली होती की एका सभासदाची एका तारखेला एका वेळी एकच नोंद. तिसऱ्या सभासदालाच अट तुटली: बाई दोन किटल्या घेऊन आली होती, एक गाईची, एक म्हशीची.

वहीत जे लिहिलेलं नसतं पण सगळ्यांना ठाऊक असतं, तेही विचारून घ्या. सभासद डेअरी सोडून गेला तर त्याचा कोड दुसऱ्याला देतात का? दर मध्येच बदलला तर कुठल्या वेळेपासून लागू होतो? दुरुस्ती झाली तर जुना आकडा खोडतात की शेजारी नवा लिहितात? प्रत्येक उत्तर म्हणजे टेबलातली एक अट.

नावाचा गुंता

आपल्या भागात माणसाला तीन नावं असतात. म्हणजे माणूस एकच, पण डेअरीच्या वहीत नाव मराठीत, सरकारी कागदावर कन्नडमध्ये आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत. इंग्रजी स्पेलिंग तर लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीचं. एकाच घरातले दोघे भाऊ गावडे दोन वेगळ्या स्पेलिंगनी बँकेत सापडतात. गावांचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या कागदांवर बेळगाव, इंग्रजीत आणखी तिसरंच.

त्यामुळे पहिला नियम: नाव ही ओळख नव्हे. दोन टेबलं नावावरून जोडायची नाहीत. डेअरीत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला आहे, कोड नंबरनं. 'सत्तेचाळीस नंबर' म्हटलं की कोण ते सगळ्या गावाला माहीत. तोच आपला प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख.

क्रिएट टेबल सभासद (
  कोड इंटिजर प्रायमरी की,
  नाव_मराठी टेक्स्ट नॉट नल,
  नाव_कन्नड टेक्स्ट,
  नाव_इंग्रजी टेक्स्ट,
  गाव टेक्स्ट नॉट नल,
  पिन टेक्स्ट,
  मोबाइल टेक्स्ट,
  खाते_क्रमांक टेक्स्ट,
  चालू इंटिजर नॉट नल डिफॉल्ट १ चेक (चालू इन (०, १))
) स्ट्रिक्ट;

पिन, मोबाइल आणि खाते क्रमांक आकडे दिसत असले तरी टेक्स्ट ठेवलेत. ज्याची कधी बेरीज-वजाबाकी करणार नाही, तो आकडा नव्हे. खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शून्यं असतात. इंटिजरमध्ये ठेवलात तर ती गळतात आणि पैसे परत येतात.

पिनवर मी आधी शहाणपणा करून अट घातली होती की तो ५९ नेच सुरू व्हायला हवा, कारण बेळगाव शहर ५९० आणि आसपासचे तालुके ५९१. मग बेळगाव तालुक्यातल्या एका डेअरीनं तोच प्रोग्रॅम घेतला आणि तिथे शिनोळीकडचा एक सभासद निघाला. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, पिन ४१६ चा. सीमा नकाशावर असते, म्हशीला नसते. अट काढली. अटी घालताना स्वतःला विचारा: ही गोष्ट अशक्य आहे, की मी आजवर बघितलेली नाही? अट फक्त अशक्य गोष्टींवर.

'चालू' हा कॉलम सोडून गेलेल्यांसाठी. सभासदाची ओळ पुसायची नाही, चालू शून्य करायचा. ओळ पुसली आणि तो सर्वांत मोठा कोड असला, तर पुढच्या नव्या सभासदाला एसक्यूलाइट तोच कोड आपोआप देऊ शकतं. मग एकाचं जुनं दूध दुसऱ्याच्या नावावर.

संकलनाचं टेबल

खरं काम इथे आहे, म्हणून आधी पूर्ण टेबल देतो आणि मग ओळीओळीनं बोलतो.

क्रिएट टेबल संकलन (
  क्रमांक इंटिजर प्रायमरी की,
  कोड इंटिजर नॉट नल रेफरन्सेस सभासद (कोड),
  तारीख टेक्स्ट नॉट नल चेक (तारीख इज डेट(तारीख)),
  वेळ टेक्स्ट नॉट नल चेक (वेळ इन ('सकाळ', 'संध्याकाळ')),
  जनावर टेक्स्ट नॉट नल चेक (जनावर इन ('गाय', 'म्हैस')),
  मिली इंटिजर नॉट नल चेक (मिली बिट्वीन १०० अँड १०००००),
  फॅट इंटिजर नॉट नल चेक (फॅट बिट्वीन २० अँड १२०),
  एसएनएफ इंटिजर नॉट नल चेक (एसएनएफ बिट्वीन ६० अँड १२०),
  दर_पैसे इंटिजर नॉट नल चेक (दर_पैसे > ०),
  युनिक (कोड, तारीख, वेळ, जनावर)
) स्ट्रिक्ट;

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करू. 'स्ट्रिक्ट' नसेल तर एसक्यूलाइट कॉलमचा प्रकार नुसती सूचना मानतं. इंटिजर कॉलममध्ये 'कुंदा' घातलात तरी घेतं. बहुतेक डेटाबेस असं करत नाहीत. एसक्यूलाइटचा हा जन्मजात स्वभाव आहे. 'स्ट्रिक्ट' लिहिलं की इंग्रजी आकड्यांतला '45' मजकूर म्हणून आला तरी तो आकड्यात बदलून घेतला जातो, पण देवनागरीतला '४५' आला की एरर. अण्णांचे अठरा लिटर या एका शब्दानं वाचले असते. एक किंमत मोजावी लागते: अशी फाइल ३.३७ च्या आधीच्या एसक्यूलाइटवर उघडतच नाही. ऑडिटरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हनं फाइल नेऊन उघडणार असाल तर आधी तिथली आवृत्ती बघा.

लिटर, फॅट, दर हे सगळे दशांशाचे आकडे मी पूर्णांकात ठेवलेत. साडेचार लिटर म्हणजे ४५०० मिली. फॅट ६.५ म्हणजे ६५. दर पैशात. कारण कॉम्प्युटरचा दशांश हा आपला दशांश नाही. तो दोनाच्या घातांत मोजतो. पायथनमध्ये ४.३५ ला १०० नं गुणून बघा, ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. पुढची शेपटी कापली की ४३४. एका ओळीला एक पैसा, पण दहा दिवसांत दीडशे सभासदांच्या ओळी किती होतात ते मोजा, आणि गावात पैशाच्या फरकावरूनही सभा भरते.

तारखेसाठी एसक्यूलाइटमध्ये वेगळा प्रकारच नाही. मजकूर म्हणून ठेवायची, आणि ठेवायची ती वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं, महिना-दिवस दोन आकडी. मग अक्षरक्रम आणि कालक्रम एकच होतो, 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' सरळ चालतं. दिवस आधी लिहिलात तर १ तारखेच्या पाठोपाठ सगळ्या महिन्यांच्या १ तारखा येतील.

चेकमध्ये, म्हणजे कॉलमच्या अटीत, 'तारीख इज डेट(तारीख)' असं लिहिलंय, बरोबरच्या चिन्हानं नाही. हे मुद्दाम. डेट या फंक्शनला अगम्य काही दिलं तर ते नल (म्हणजे किंमतच नाही) परत करतं. बरोबरच्या चिन्हानं नलशी तुलना केली की उत्तर नल येतं, आणि चेकचं उत्तर नल आलं तर डेटाबेस ओळ स्वीकारतो. फक्त स्पष्ट 'नाही' आलं तरच नाकारतो. 'इज' लिहिलं की नलशी तुलनेलाही स्पष्ट हो किंवा नाही मिळतं. ३० फेब्रुवारीही यात अडकतो, कारण डेट त्याला मार्चमध्ये ढकलतं आणि मग दोन्ही बाजू जुळत नाहीत.

नलचा हाच गुण युनिकमध्येही (तोच संच दुसऱ्यांदा घ्यायचा नाही ही अट) आड येतो. युनिकच्या यादीतला एखादा कॉलम रिकामा राहू शकत असेल तर रिकाम्या ओळी कितीही चालतात, कारण एक नल दुसऱ्या नलसारखा धरत नाहीत. म्हणून त्या चारही कॉलमांना नॉट नल लावलंय.

दुधाचा दर संकलनाच्या ओळीतच का ठेवला, दरपत्रकाचं वेगळं टेबल असताना? दरपत्रक असावंच, पण ते आजचा दर काढण्यासाठी. नोंद झाली त्या क्षणी जो दर लागला तो ओळीत गोठवायचा. नाहीतर दरपत्रक बदललं की गेल्या महिन्याची बिलंही मागे जाऊन बदलतात. रक्कम मात्र ठेवलेली नाही. मिली आणि दर यांच्यापासून ती केव्हाही निघते, आणि एकच गोष्ट दोन जागी ठेवली की कधीतरी दोन्ही वेगवेगळं बोलतात.

पायथनमधून चालवायचं कसं

इम्पोर्ट एसक्यूलाइट३
डेअरी = एसक्यूलाइट३.कनेक्ट("डेअरी.डीबी")
डेअरी.एक्झिक्युट("प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन")

फाइल नसेल तर कनेक्ट ती बनवतं. त्यामुळे फाइलच्या नावात चूक झाली तर एरर येत नाही, नवी कोरी फाइल बनते आणि 'माझा डेटा गेला' म्हणून घाम फुटतो. गेलेला नसतो, शेजारच्या फोल्डरमध्ये असतो. पूर्ण पाथ द्या.

तिसरी ओळ विसरू नका. 'रेफरन्सेस' (म्हणजे हा कोड सभासद टेबलात असायलाच हवा) लिहिलं तरी एसक्यूलाइट ते डीफॉल्टनं पाळत नाही. अस्तित्वात नसलेल्या ९९९ कोडच्या नावावर दूध घालता येतं. ही आज्ञा फाइलमध्ये साठवली जात नाही; प्रत्येक कनेक्शनला नव्यानं द्यावी लागते. म्हणून कनेक्शन उघडणारं एकच फंक्शन ठेवा आणि सगळीकडून तेच बोलवा.

मग टेबलाचा मजकूर तिहेरी अवतरणात ठेवून एक्झिक्युटला द्यायचा. एक्झिक्युट एका वेळी एकच आज्ञा घेतं. दोन टेबलं एकत्र दिलीत तर नाकारतं. एक्झिक्युटस्क्रिप्ट अनेक घेतं, पण आधीचं अर्धवट ट्रॅन्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल) ते आपणहून पक्कं करून टाकतं. मी दोनदा एक्झिक्युट लिहितो, झंझट नको.

नोंद घालताना किंमती आज्ञेच्या मजकुरात चिकटवायच्या नाहीत, प्रश्नचिन्हं ठेवून वेगळ्या द्यायच्या:

डेअरी.एक्झिक्युट("इन्सर्ट इंटू सभासद (कोड, नाव_मराठी, गाव) व्हॅल्यूज (?, ?, ?)", (४७, नाव, गाव))

सुरक्षिततेचं कारण सगळे सांगतात. आपल्याकडचं कारण साधं आहे: गोव्याच्या वाटेवरच्या गावांत डिसोझा असतात, आणि त्यांच्या इंग्रजी नावात वर एक टिंब लोंबतं. मजकुरात चिकटवलात तर ते अवतरणचिन्ह समजलं जातं आणि आज्ञा तिथेच तुटते. प्रश्नचिन्ह ठेवलं तर काही होत नाही. टेबलाच्या किंवा कॉलमच्या नावाच्या जागी मात्र प्रश्नचिन्ह चालत नाही. ती नावं कोडमध्येच पक्की असू द्या, बाहेरून घेऊ नका.

आणि देवनागरी आकडे? गंमत अशी की पायथनला ते कळतात. इंट('४७') म्हटलं की खरा सत्तेचाळीस मिळतो, डेसिमल या नेमक्या दशांशाच्या प्रकारालाही चालतं. म्हणजे बाहेरून आलेला लिटरचा मजकूर आधी डेसिमलमध्ये घ्या, हजारनं गुणा, मग इंट करा आणि मग डेटाबेसला द्या. अण्णांना कीबोर्ड बदलायची सक्तीच नको. माझा मूळ गुन्हा हा होता की इनपुटमधून आलेला मजकूर मी तसाच पुढे ढकलला होता, एसक्यूलाइट बदलून घेईल या भरवशावर. इंग्रजी आकडे ते बदलून घेत होतं, म्हणून माझ्या घरच्या चाचणीत सगळं बरोबर दिसलं.

नोंदी घातल्यावर कमिट (म्हणजे पक्क्या) करा, किंवा 'विथ डेअरी:' च्या आत घाला. सगळं नीट झालं तर कमिट होतं, एरर आला तर मागे फिरतं. 'विथ' कनेक्शन बंद करत नाही एवढं लक्षात असू द्या, क्लोज वेगळं.

टेबलाला त्रास देऊन बघा

टेबल बनलं की त्यात आधी वाईट नोंदी घाला. ३० फेब्रुवारी. नसलेला कोड. फॅट ६५० (दशांश विसरला). वेळ 'दुपार'. देवनागरीतले मिली. एकच नोंद दोनदा. प्रत्येक वेळी इंटिग्रिटीएरर यायला हवा. एखादी नोंद गुपचूप आत गेली तर भोक सापडलं. या चाचण्यांसाठी फाइलच्या जागी ':मेमरी:' द्या, इंग्रजी अक्षरांत. डेटाबेस नुसता मेमरीत बनतो, प्रोग्रॅम संपला की नाहीसा.

अण्णांना ही चाचणी फार आवडली. "ही नोंद घेतंय काय बघ, ती घेतंय काय बघ," करत त्यांनीच दोन भोकं काढून दिली. एक म्हणजे नावाच्या जागी नुसती स्पेस. नॉट नलला स्पेस चालते. त्यावर चेक (लेंग्थ(ट्रिम(नाव_मराठी)) > १) हा उपाय. लेंग्थ मोजतं ते अक्षर नव्हे, युनिकोडचं चिन्ह. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. 'बेळगाव' चार अक्षरी, पण लेंग्थ सहा. म्हणून 'कमाल अमुक इतकी लांबी' अशी अट नावांवर घालताना हात सैल सोडा.

दिसायला एकच, आतून दोन

हे आडनावांचं दुखणं. 'कुऱ्हाडे' मधला तो ऱ्य-ऱ्हचा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो: एकसंध चिन्ह, र खाली नुक्ता देऊन, किंवा जुन्या सवयीनं र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला सगळे सारखे, शोधताना मात्र एक सापडतो, बाकीचे नाही. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइज 'एनएफसी' (हेही इंग्रजी अक्षरांत) प्रकारानं चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. तो आपणच आधी रिप्लेस करून पहिल्यासारखा करून घ्यायचा. टेबलात शिरण्याआधी प्रत्येक नाव या चाळणीतून जाऊ द्या.

श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदला. त्यातला मजकूर त्या फाँटशिवाय निव्वळ किडकमिडक इंग्रजी चिन्हं असतो, आणि डेटाबेसला फाँट नसतो.

अकारविल्हे यादी काढायची असेल तर आणखी एक. एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमानं लावतं आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हातारे सभासद ही चूक लगेच पकडतात. कोड नंबरनं यादी लावा, वाद मिटतो.

टेबल बदलायची वेळ येतेच

बहुतेक जण 'क्रिएट टेबल' च्या पुढे 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लिहितात, प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला तरी एरर येऊ नये म्हणून. चांगलं आहे, पण ते फक्त नाव बघतं. टेबल आधीच असेल तर आत काय आहे ते न बघता गप्प बसतं. कोडमध्ये तुम्ही नवा कॉलम वाढवलात, प्रोग्रॅम चालला, एरर नाही, आणि कॉलमही नाही.

त्यासाठी डेटाबेसमध्येच आराखड्याचा नंबर ठेवा. एसक्यूलाइट त्यासाठी प्रॅग्मा युजर_व्हर्जन देतं, सुरुवातीला शून्य असतो. प्रोग्रॅम सुरू झाला की नंबर वाचायचा: शून्य असेल तर टेबलं बनवा आणि एक करा, एक असेल तर दुसऱ्या टप्प्याचे बदल करा आणि दोन करा. प्रत्येक टप्पा एकदाच चालतो. एकदा एखाद्या गावात गेलेला टप्पा नंतर सुधारायचा नाही, पुढचा नवा लिहायचा.

साधा कॉलम वाढवणं 'ऑल्टर टेबल' नं होतं. नाव बदलणं आणि कॉलम काढणंही नव्या आवृत्त्यांत होतं. पण माझ्यासारखी युनिकची अट चुकली असेल तर ऑल्टर कामाला येत नाही. तेव्हा नवं टेबल 'संकलन_नवे' बनवा, जुन्यातल्या ओळी 'इन्सर्ट इंटू ... सिलेक्ट' नं त्यात ओता, दोन्हींतल्या ओळी मोजा, जुनं ड्रॉप करा, नव्याला जुनं नाव द्या.

हे सगळं एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये. पायथनचं मॉड्यूल क्रिएट किंवा ड्रॉपच्या आधी आपणहून ट्रॅन्झॅक्शन उघडत नाही, म्हणून पहिली आज्ञा एक्झिक्युट("बिगिन") अशी हातानं द्या. मग मध्येच काही फसलं तर रोलबॅकनं ड्रॉप झालेलं टेबलसुद्धा परत येतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही असंच. मायएसक्यूएलमध्ये नाही, तिथे क्रिएट-ड्रॉप म्हटलं की आधीचं सगळं पक्कं होतं. पुढेमागे तिकडे गेलात तर ही सवय मोडा. सभासद टेबल असं बदलायचं असेल तर फॉरेन कीज बिगिनच्या आधी ऑफ करा, ट्रॅन्झॅक्शनच्या आत ती आज्ञा लागू होत नाही. आणि काम झाल्यावर परत ऑन.

वीज आणि पेन ड्राइव्ह

जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तिकडच्यांना सांगायला नको. नोंद चालू असताना वीज गेली तर एसक्यूलाइट अर्धवट ओळ ठेवत नाही. पुढच्या वेळी फाइल उघडली की शेजारच्या जर्नल फाइलवरून आधीची स्थिती परत आणतं. ती 'जर्नल' शेपटीची फाइल कचरा समजून डिलीट करू नका. फाइल खरी बिघडते ती तिथे.

रोजची प्रत काढताना चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, नेमकी मध्येच नोंद चालू असेल तर प्रत फाटकी निघते. पायथन ३.७ पासून कनेक्शनला बॅकअप हे फंक्शन आहे: दुसरं कनेक्शन पेन ड्राइव्हवरच्या फाइलला उघडा आणि डेअरी.बॅकअप(प्रत) म्हणा. आम्ही फाइलच्या नावात तारीख घालतो, आणि संध्याकाळचं संकलन संपलं की अण्णा पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी नेतात. वही मात्र त्यांनी अजून बंद केलेली नाही. दर दहा दिवसांनी दोन्ही बेरजा शेजारी ठेवतात.